तेव्हा ते घर जुनं नव्हतं

पत्र थोडक्यात : लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मैत्रिणीचं हे पत्र. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी त्यांची एकांकिका बसते आहे. काळ सप्टेंबर १९४८, म्हणजे पोलीस ॲक्शनचे दिवस, भारतीय सैन्याने निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं ते. निजामी मुलखातलं एक खेडं, तिथल्या मास्तरांचं घर आणि त्या घरात एका रात्रीपुरता लपलेला स्टेट काँग्रेसचा, म्हणजे संस्थानातल्या स्वातंत्र्यचळवळीचा कार्यकर्ता. शेवटी त्याच्या शोधात घराची झडती होते. नेपथ्य हिच्या वाट्याला आलंय. दिग्दर्शक दादाला 'भव्य वाडा' हवाय, त्यासाठी त्याने वाड्याच्या फोटोचं १६ बाय ८ फुटांचं फ्लेक्स ठरवलंय. सर म्हणतात, त्या भानगडीत पडूच नका, दोन लेव्हल (उंच चौथरे) टाका आणि अभिनयावर भागवा. हातात ७,००० रुपये, एक छोटा टेम्पो आणि सेट मांडण्या-उचलण्यासाठी मिळून १० मिनिटं. ती लिहिते, "नेटवर सापडतात ते सगळे पुण्याचे वाडे, नाहीतर कोकणातली घरं. आमच्या आत्याआजीचं जुनं घर होतं, ते त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. पाहायलाच काही उरलं नाही तर खरं कसं करणार? मागच्या वर्षी एका संघाच्या सेटवर चूक निघाली तर परीक्षकांनी सगळ्यांसमोर सुनावलं. आमचं तसं झालं तर खापर माझ्यावर फुटेल. पूर्ण वाडा करू की काहीच करू नको?" पत्राखाली सही आहे, 'विंगेतली'.

प्रिय विंगेतल्या मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा आनंद झाला तो तुझ्या एका वाक्याचा. नेटवरचे वाडे पुण्याचे आहेत हे तुला कळलं. बरेच जण तिथेच फसतात. मराठी नाटक-सिनेमात 'जुनं घर' म्हटलं की उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी, नाहीतर कोरीव महिरपींचा पेशवाई चौक, असं एक चित्र ठरून गेलंय. आपल्याकडचं घर वेगळं होतं आणि त्याला कारण होतं. कोकणात पाऊस कोसळतो म्हणून छप्पर उतरतं. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि ऊन रणरणतं, म्हणून जाड भिंती आणि वर सपाट मातीचं माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी लादणी, तिच्यावर मातीचे थर. अशा घराचं माप आपली माणसं खणांत सांगायची. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. 'किती खणांचं घर' या प्रश्नात त्या घरातल्या माणसाची सगळी ऐपत येऊन जायची.

आता तुझ्या मास्तरांकडे ये. दादाला भव्य वाडा हवाय. पण खेड्यातल्या मास्तराचा भव्य वाडा कुठून आला? तो देशमुख-पाटलांच्या घरातला आहे का? संहितेत तसं असेल तर ठीक. नसेल तर हे दोन-तीन खणांचं घर आहे. पुढे ढेलज (दारालगतची बैठक), मग ओसरी, आत माजघर, संपलं. आणखी एक गोष्ट लेखकाला विचार. मास्तर सरकारी शाळेत आहेत की खासगी? त्या काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होती, मोमिनाबादची (आजच्या अंबाजोगाईची) योगेश्वरी होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी या दोन्ही ठिकाणी शिकवलं. तशा शाळेतला मास्तर असेल तर घरात टकळी, सूत, खादीचं काहीतरी दिसेल. सरकारी शाळेतला असेल तर नोकरी जाण्याची भीती त्याच्या घरात वावरत असणार, आणि यातलं काहीच उघड्यावर दिसणार नाही. एका प्रश्नाच्या उत्तराने अर्धं सामान ठरतं आणि अर्धं बाद होतं. १९४८ मधलं 'घर' असं काही नसतंच. त्या वर्षी, त्या गावात, त्या माणसाचं घर असतं.

दुसरी एक समजूत तुझ्या पत्रात मला पदोपदी दिसली. तू लिहितेस, "भिंतींना तडे, उडालेला रंग, कोपऱ्यात जाळी असं करणार आहोत, म्हणजे काळ वाटेल." इथे जरा थांब. मी कॉलेजात असताना आम्ही स्वातंत्र्यपूर्व काळातल्या एका नाटकाचा असाच सेट केला होता. चार रात्री जागून भिंतींना तडे रंगवले, शेवाळ काढलं, विटा उघड्या पाडल्या. फार अभिमान होता. रंगीत तालमीला एक वयस्कर शिक्षक आले. सेटसमोर बराच वेळ उभे राहिले आणि काळजीने म्हणाले, "पोरांनो, या घरात कुणी राहत नाही का?" ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. नाटकातली माणसं त्या घरात आज राहत होती. त्यांच्या लेखी ते घर जुनं नव्हतं. सणाला भिंत पोतारली जायची, भुई दर आठ दिवसांनी सारवली जायची, पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडायची. आम्ही १९४० सालचं घर करायच्या ऐवजी आज उरलेलं त्या घराचं पडीक रूप करून ठेवलं होतं.

म्हणून पडझडीच्या खुणा नकोत, वापराच्या खुणा कर. दिव्याच्या देवळीकडे बघ. कोनाड्यात रोज संध्याकाळी चिमणी ठेवली जाते. तिच्या वरच्या भिंतीवर काजळीचा एक डाग उठतो, खाली रुंद, वर निमुळता, जिभेसारखा. भिंत पोतारली तरी तो महिनाभरात पुन्हा डोकं वर काढतो. ओसरीत मास्तर जिथे टेकून बसतात तिथे बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तेलाचा एक काळपट गोल असतो. दाराच्या चौकटीवर हात लागून लागून एक हातभर पट्टा गुळगुळीत होतो. उंबऱ्याचा मधला भाग झिजलेला. हे चार डाग करायला फार तर ५० रुपये लागतील. पण त्या घरात माणसं राहतात हे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल.

आता आत्याआजी. "पाहायलाच काही उरलं नाही" असं तू लिहिलंस, ते वाचून मन जड झालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं कोसळली, त्यांच्याखाली हजारो माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यामुळे तुमच्या भागात जुनं घर शोधायला निघालीस तर हाती फार लागणार नाही, हे खरंच. पण ते घर ज्यांनी अंगाने वापरलंय अशी एक व्यक्ती तुझ्या घरात आहे, आणि ती १९४८ मध्ये आठ-नऊ वर्षांची होती. मैत्रिणी, परीक्षकांकडेही एवढा मोठा पुरावा नाही.

फक्त तिला "घर कसं होतं?" असं विचारू नकोस. या प्रश्नाला "चांगलं होतं बाई" एवढंच उत्तर येतं. तिच्या हातापायांना विचार. बाहेरून आल्यावर पाय कुठे धुवायचीस? दिवा कुणी लावायचं आणि कुठे ठेवायचं? पाहुणा आला तर कुठपर्यंत यायचा, ढेलजेत थांबायचा की ओसरीवर? तू स्वतः लपाछपी खेळताना कुठे लपायचीस? हा शेवटचा प्रश्न तुमच्या नाटकासाठी सोन्याचा आहे. कदाचित ती सांगेल, कणगीमागे. कदाचित बळदाचं नाव काढेल, भिंतीतच केलेली धान्याची ती कोठी. तुमचा कार्यकर्ता कुठे लपतो याचं उत्तर आठ वर्षांच्या मुलीकडून मिळालं तर त्याला तोड नाही. ती बोलताना कागद-पेन्सिल तिच्या पुढ्यात ठेव आणि दारापासून चुलीपर्यंत किती पावलं, हे तिला खोलीत चालून दाखवायला सांग. भूकंपाच्या रात्रीचा विषय मात्र तू काढू नकोस. तिने काढला तर वही मिटून ठेव आणि ऐक. त्या दिवशी नाटकाचं काम झालं नाही तरी चालेल.

आता तुझ्यापुढचे दोन रस्ते. फ्लेक्सला माझा विरोध आहे आणि तो स्वस्त दिसतो म्हणून नाही. फोटोत ऊन एका बाजूने पडलेलं असतं, ते छापलं जातं. तुमचा प्रसंग रात्रीचा, प्रकाश कंदिलाचा, आणि मागे भिंतीवर दुपारची सावली! फोटोतला दरवाजा एका ठरावीक अंतरावरून बरोबर दिसतो, त्याच्यापुढे नट उभा राहिला की तो एकदम राक्षसाएवढा वाटतो. फ्लेक्स चकाकतं, दिवा पडला की मधोमध पांढरा पट्टा उठतो. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की त्या घराला कुणी हात लावू शकत नाही. लपायला आलेला माणूस भिंतीला पाठ टेकवणारच. त्याने टेकवली की अख्खा वाडा हलेल.

सरांचा रस्ता मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या मुलखात पैठणच्या नाथांची भारुडं नुसत्या टाळ-मृदंगावर आणि अंगावरच्या घोंगडीवर उभी राहतात, तिथे रिकाम्या रंगमंचाला कमी कोण म्हणेल? संहिता गाव, रस्ता, कचेरी, तुरुंग अशी धावत असती तर मीही तुला दोन लेव्हलच सांगितल्या असत्या. पण तुमचं नाटक एका घरात लपण्याचं आहे. आत आणि बाहेर, दार बंद आणि दार उघडं, यावर त्याचा जीव आहे. त्या दाराचं वजन प्रेक्षकाला जाणवायला हवं.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर सगळा जीव दारात ओतला असता. दार खरं कर, बाकी घर सुचव.

दाराची चौकट पाच फुटांची ठेव. जुन्या घरांची दारं ठेंगणी असायची, आत येणाऱ्याला वाकावंच लागायचं. मास्तर सवयीने वाकतील, न बघता. त्यांची मुलगी वाकणार नाही, ती उंबऱ्यावर पाय न देता टुणकन आत येईल. कार्यकर्ता परगावचा, त्याचं डोकं एकदा चौकटीला लागेल आणि पुढच्या खेपेला तो सांभाळून येईल. आणि शेवटी झडतीला येणाऱ्या माणसालाही आत शिरताना मान झुकवावीच लागेल. हे चौघं एकाच दारातून कसे येतात एवढं पाहिलं तरी प्रेक्षकाला घर कळेल, आणि यातला एकही संवाद लेखकाला लिहावा लागणार नाही. दाराला आतून आगळ हवी, भिंतीतल्या खोबणीतून सरकवायची जाड लाकडी दांडी. ती सरकतानाचा घर्रर्र आवाज आणि शेवटी बसणारा ठोका हा तुमच्या नाटकाचा अर्धा ताण आहे. त्यासाठी खरं लाकूड वापर, तिथे थर्माकोल चालणार नाही. एखाद्या सुताराकडून दार-चौकट-आगळ करून घे, किंवा जुन्या लाकडांच्या वखारीत बघ. पाडलेल्या घरांची दारं तिथे येतात आणि कधीकधी भाड्यानेही मिळतात. तुझ्या सात हजारांतले निम्मे इथे गेले तरी हळहळू नकोस.

बाकीच्यासाठी एक खण पुरे. दोन खांब, वर एक तुळई, मागे तीन फ्लॅट. खांब लाकडाचे कशाला? फ्लेक्सच्या दुकानात आणि कापडाच्या ठोक दुकानात गठ्ठ्यांच्या आतले पुठ्ठ्याचे जाड रूळ पडलेले असतात, मागितले तर देतात. नाहीतर प्लायच्या चार पट्ट्या जोडून चौकोनी खांब कर, आपल्याकडे चौकोनी खांबही भरपूर. खाली दगडी तळखड्याचा एक ठोकळा. फ्लॅट ८ बाय ४ चे, लाकडी पट्ट्यांची चौकट आणि वर ताणलेलं मांजरपाट. त्यावर फेविकॉलमध्ये भुसा आणि चाळलेली माती कालवून पातळ थर दे. जाड दिलास तर टेम्पोत हादऱ्यांनी पोपडे निघतील. थर वाळला की रंग, आणि पांढरा रंग सरळ लावू नकोस. दिव्याखाली पांढरी भिंत एवढी चमकते की पुढच्या नटाचा चेहरा काळा पडतो. पांढऱ्यात पिवळी माती किंवा थोडी काव टाक. पुढे कोरड्या ब्रशने हलका गडद हात. एक फ्लॅट अर्धा रंगवून झाला की तुम्ही वापरणार त्याच रंगाच्या जिलेटिनखाली (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाखाली) धरून बघ. ट्यूबलाइटखाली जमलेला रंग पिवळ्या दिव्यात भलताच निघतो, हा धडा सगळे महोत्सवाच्या दिवशी शिकतात.

छपराचं काय, असं दादा विचारेल. छप्पर दिव्याने कर. माळवदाच्या घरात वर उजेडासाठी एक भोक असतं, साणं. दुपारी त्यातून उजेडाचा एक चौकोन भुईवर पडतो आणि दिवस सरेल तसा सरकत जातो. वरच्या बारवर एक दिवा सरळ खाली सोड, त्याच्यापुढे चौकोनी भोक पाडलेला पत्रा लाव. काळोख्या घरात भुईवर तो चौकोन पडला की न बांधलेलं माळवद लोकांना दिसायला लागेल. रात्री तोच चौकोन फिका निळा. हा सप्टेंबर आहे, भाद्रपद आहे, पाऊस आहे. साण्यावर कुणीतरी काहीतरी झाकत असेल, आत येणाऱ्याच्या डोक्यावर पोत्याची खोळ असेल, एका कोपऱ्यात गळतीखाली भांडं ठेवलेलं असेल. टप्... टप्... हा आवाज लपलेल्या माणसाच्या प्रसंगात काय काम करेल, तूच विचार कर. आणि भाद्रपद आहे म्हणून ज्वारीची भरलेली पोती रचू नका. तो सुगीच्या आधीचा काळ, कणग्या तळाला गेलेल्या असतात. फार तर सुपात वाळत घातलेले मूग दिसतील.

भुईसाठी मांजरपाट जोडून खालचं कापड कर आणि ते ब्रशने न रंगवता हाताने रंगव, सारवतात तसं, अर्धगोल फिरवत. आत्याआजीच्या हाताला धरून एक फटकारा मारून घेतलास तर बाकीचे आपोआप जमतील. कडा चिकटपट्टीने पक्क्या बसव, घाईत कुणाचा पाय अडकायला नको.

आता चुकीची भीती. ती असू दे, तिच्यामुळेच माणूस तपासतो. पण चुका कुठे होतात ते बघ. मोठ्या भिंतीत कुणी चूक काढत नाही, चूक हातातल्या वस्तूत निघते. १९४८ च्या खेड्यातल्या घरात स्टीलचा तांब्या नाही. पितळ, तांबं, कल्हई केलेली भांडी, फार तर जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं. भिंतीवर कालनिर्णय नाही, ते १९७३ पासूनचं. ॲटलसची सायकल नाही, ती कंपनीच १९५१ ची. टेबलावर ट्रान्झिस्टर नाही, तसले रेडिओ जगातच १९५४ नंतर आले. नायलॉनची दोरी नाही, सुंभ किंवा सुतळी. प्लास्टिकचं पोतं नाही, तागाचं बारदान. बॉलपेन नाही, टाक-दौत. आणि खेड्यात विजेचं बटण तर नाहीच. हॉलच्या भिंतीवरचं बटण तुमच्या फ्लॅटच्या फटीतून दिसतंय का, तेही बघ.

काही बारकावे आपल्या मुलखाचेच आहेत, ते बाहेरच्या पुस्तकात सापडायचे नाहीत. मास्तर पगार मोजतील तो हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या रुपयांत. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला तेव्हा कलदार म्हणत आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. सरकारी कागदावर साल 'फसली' या निजामी कचेऱ्यांतल्या कालगणनेचं असेल, तुमच्या नाटकाच्या दिवसांत १३५७ फसली. पाटीवर किंवा पत्रावर गावांची नावं तेव्हाची लिहा : औरंगाबाद, उस्मानाबाद, मोमिनाबाद. आणि घरात झेंडा लपवलेला असेल तर तो कोणता, हे ठरवून घ्या. २२ जुलै १९४७ ला चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. जुन्या पेटीच्या तळाशी चरख्याचा झेंडा निघाला तर तो माणूस किती वर्षं यात आहे हे एका क्षणात कळतं. चक्राचा निघाला तर तो संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून, भारतातून ताजा आणलेला आहे. दोन्ही बरोबर, पण गोष्ट वेगळी.

उर्दूबद्दल मला तुझ्याशी जरा मनापासून बोलायचंय. तू लिहिलंस, दादाच्या डोक्यात आहे की झडतीवाल्यांच्या बाजूला उर्दू पाट्या आणि मास्तरांच्या बाजूला सगळं मराठी. हे दिसायला सोपं आहे आणि खोटं आहे. निजामी राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत होतं. हा मास्तर शिकलाय म्हणजे उर्दू शिकलाय. त्याच्या फळीवर उर्दू पुस्तकं असतील, शेतीचे कागद उर्दूत असतील, आणि आपल्या भागात कितीतरी घरांतल्या जुन्या पेट्यांत ते अजून आहेत. ती लिपी त्याच्याही घरातली आहे. सेटवर ती शत्रूची खूण म्हणून टांगलीत तर आपल्याच आजोबा-पणजोबांवर अन्याय होईल. त्याउलट मास्तरांनीच एखादा उर्दू कागद घाईघाईने वाचून कार्यकर्त्याला मराठीत सांगितला तर ते दिवस खरेखुरे उभे राहतील. पाटी मात्र उर्दू वाचणाऱ्या माणसाकडूनच हाताने लिहून घे. लातुरात, नांदेडात, बीडला असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. कॉम्प्युटरवरून उचललेली अक्षरं पुष्कळदा सुटी सुटी छापली जातात आणि वाचता येणाऱ्याला ते लगेच खटकतं.

वस्तू विकत घेऊ नकोस, माग. पितळी तांब्या, कंदील, बाज, घोंगडी, पेटी हे सगळं गावात निघतं. प्रत्येक वस्तूचा फोटो, कुणाची ते वहीत, वस्तूच्या तळाला रंगीत दोरा. परत देताना चिंचेने घासून स्वतः नेऊन द्यायची, कुणाच्या हाती पाठवायची नाही. कुणाच्या देव्हाऱ्यातलं काही मागू नका. जातं उचलून आणायचा मोह होईल, तो टाळा. मणभर दगड दहा मिनिटांत कोण हलवणार? आतून जात्याचा आवाज आला तरी पहाट होते. कंदिलात रॉकेल नको. सेटवर मांजरपाट, भुसा, ताग आहे, उघडी ज्योत नकोच. छोटा एलईडी, त्याच्यावर पिवळा जिलेटिन आणि काचेच्या आत थोडी काजळी.

त्या दहा मिनिटांची तालीम वेगळी कर. फ्लॅटच्या पाठीवर मोठे आकडे, बिजागऱ्यांची पिन काढली की सुटे होतील असे जोड, टेकूला खिळ्यांऐवजी वाळूच्या पिशव्या, कारण बहुतेक हॉलमध्ये मंचावर खिळा ठोकू देत नाहीत. चार जणांनी कोणती वस्तू कुठून कुठे न्यायची ते ठरलेलं. कॉलेजच्या मैदानावर चुन्याने मंचाची आखणी करा. नक्की माप मिळालं नसेल तर २० फूट रुंद आणि १५ फूट खोल धरा. घड्याळ लावा, आणि मांडायला पाच मिनिटांच्या आत बसेपर्यंत करत राहा. उचलायला तीन लागतात, उरलेली अडचणींसाठी. त्याच आखणीवर नटांना रोज तालीम करू दे. नाहीतर महोत्सवाच्या दिवशी ते पाच फुटी दारात पहिल्यांदा वाकतील आणि संवाद विसरतील. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना बसून बघायला विसरू नकोस. लपलेला माणूस तिथून दिसत असेल तर सगळंच मुसळ केरात.

राहता राहिला दादा. "तुझं चूक आहे" असं म्हणत गेलीस तर वाद होईल आणि तो वाद वाड्याचा राहणारच नाही. पुठ्ठ्याचं एक छोटं मॉडेल कर, अर्ध्या इंचाला एक फूट या मापाने. त्यात अडीच इंची दार, दोन खांब आणि अडीच-तीन इंचाची पुठ्ठ्याची माणसं. खोली अंधारी करून मोबाइलची बॅटरी वरून, चौकोनी भोकातून सोड. मग त्याला एवढंच विचार, "यात मास्तर कुठे बसतील? झडतीवाला आत येताना कुठे थांबेल?" दिग्दर्शकाला खेळायला जागा मिळाली की तो पुठ्ठ्याची माणसं हलवायला लागतो आणि फ्लेक्स विसरतो. तरीही तो अडून बसला तर फ्लेक्सचा खर्च आणि दाराचा खर्च शेजारी शेजारी मांडून सरांना मध्ये घे. सरांना कमी सामान हवंय, तुझ्या आराखड्यात ते कमीच आहे. आणि खापराचं म्हणशील तर आजपासून एक वही ठेव. कोणती वस्तू का ठेवली आणि कुणाला विचारून ठेवली, हे तिच्यात असू दे. परीक्षकांनी विचारलं तर तुला पुढे होऊन उत्तर देता येईल. आणि एखादी चूक निघालीच तर "हो, हे आमच्याकडून राहिलं" म्हणायलाही ती वहीच बळ देईल.

शक्य झालं तर रंगीत तालमीला आत्याआजीला घेऊन ये. तिला लांब खुर्चीत बसवू नकोस, दारातून आत आण आणि सेटवर फिरू दे. तिचा हात कुठे जातो ते बघ. कोनाडा जरा उंच वाटला तर तिचा हात आधी खालीच जाईल. तेवढा तो रात्रीतून खाली घे.

आणि आगळीला मेण घासून ठेव. पावसाळी हवेत लाकूड फुगतं.

तुझी,
सदरलेखिका

(ज्या वाचकांच्या घरी त्या काळातल्या घराचे फोटो, हातचे आराखडे किंवा उर्दू कागद असतील, त्यांनी ते आपल्या जवळच्या महाविद्यालयातल्या नाटकाच्या मुलांना एकदा तरी बघू द्यावेत. मूळ कागद हातातून सोडू नका, मोबाइलवर फोटो काढून घ्यायला सांगा.)